गुंजभर

बत्तीस वर्षं महापालिकेत मी नाले काढले,
म्हणजे कागदावर. ट्रेसिंग पेपर, काळी शाई,
एकास पाचशे.
नागझरी माझ्या हाताखालून इतक्यांदा वाहिली
की झोपेत बोटं तिची वळणं घ्यायची.
पाय मात्र एकदाही ओला झाला नाही.

निवृत्त झाल्यावर लोक बोन्साय करतात.
वरच्या मजल्यावरचे खासनीस पेटी शिकतात,
एकच भूप, चार वर्षं, भिंतींनाही पाठ झालाय.
मी गमबूट घेतले. आणि एक परात,
जिच्यात वनमाला पूर्वी कणीक मळायची
आणि आता मळणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलंय.

दारूवाला पुलाच्या अलीकडे,
सोन्या मारुतीकडून येणारी जुनी मोरी मिळते तिथे
(नकाशात ती ठिपक्यांची रेघ, मीच ओढलेली)
दर रविवारी सहाच्या आत,
वास जागा व्हायच्या आधी.

गाळ घ्यायचा. पाणी घ्यायचं. परात तिरकी धरून
मनगटातून फिरवायची, तांदूळ रोळतात तशी.
हलकं ते जातं: केस, राख, निर्माल्याचा लगदा,
शाम्पूच्या पुड्या.
जड राहतं: खिळे, सायकलचे छर्रे, शिशाचे थेंब,
एकदा एका कुलपाची नुसती कडी.
आणि तळाशी काळ्या वाळूची एक भिवई.
त्या भिवईत बघायचं, श्वास धरून.

या शहराच्या पोटात सोनं नाही, हे मला ठाऊक आहे.
खाली सगळा काळा कातळ, थरावर थर.
त्याने आजवर कुणाला कण दिला नाही,
फार तर त्याची कसोटी होते.
इथे जे मिळेल ते
कुणाच्या तरी कानशीखालून, मुशीच्या काठावरून,
नाहीतर अंगावरून निसटलेलं.

झुंबरबाई तिसऱ्या रविवारी भेटली.
घराणंच झारेकऱ्यांचं. पहाटे सराफ गल्ली झाडते,
आणि झाडल्याचे पैसे घेत नाही, देते.
माझी परात बघून म्हणाली, 'काय हरवलं सायेब?'
काही नाही, म्हटलं. छंद आहे.
तिने तो शब्द तोंडात जरा घोळवला
आणि तंबाखूबरोबर थुंकला.
मग माझं मनगट धरलं.
'अर्धं वळण कमी घ्या. लई घाईचं पाणी तुमचं.'

अकरा रविवारांचं सोनं
होमिओपॅथीच्या बाटलीत तळालाही पुरत नाही.
पाव गुंज असेल, नसेल.
वनमाला रोज पेपरातला भाव मोठ्याने वाचते,
मग थांबते, मग म्हणते,
'गमबूट साडेसातशेचे.'

बाराव्या रविवारी चमकी मिळाली.
फिरकीसकट. मिरीएवढी, एक खडा गेलेला.
मी ओरडलोच.
झुंबरबाईने ती नखावर घेऊन उजेडात फिरवली.
'कणाला कुणाचं नाव ऱ्हात न्हाई.
ही नाकातली हाय. घर उलथंपालथं केलं असंल.
एखाद्या सुनेनं बोलणी खाल्ली असतील.
पडल्यालं सोनं घरात नेऊ ने.'
'मग? परत पाण्यात टाकू?'
'येडं का काय,' ती म्हणाली. 'मला चालतंय.'
पदराला गाठ मारली आणि चालू लागली.

रात्री जुनं ट्रेसिंग काढलं.
ठिपक्यांच्या रेघेवर ती जागा शोधली, पेन्सिल टेकवली.
चिन्हांच्या तक्त्यात मॅनहोल आहे, मोरी आहे,
बुजवलेली विहीरसुद्धा आहे.
पेन्सिल तशीच धरून बसलो.

आज मंगळवार.
बेसिनपाशी उभा राहून
रिकामी परात फिरवतोय,
अर्धं वळण कमी.